दोन्ही ‘डीएनए’च्याच टेस्ट लिहून दिल्यात, मग आधी कोणती करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उदगीरकडचे एक दादा विचारायलेत, बहीण २७ वर्षांची, चौदावा आठवडा चालू आहे, पहिलं पोरगं साडेचार वर्षांचं, त्याला डाऊन सिंड्रोम आहे असं डॉक्टर चेहरा बघून सांगतात पण क्रोमोसोमची तपासणी कधी केलेलीच नाही. आता डबल मार्कर (पोटातल्या बाळाला डाऊन असायची शक्यता काढणारी चाळणी) १:१८० आला म्हणजे हाय रिस्क, आणि त्याच वेळच्या रक्त तपासणीत एचबीएसएजी म्हणजे कावीळ ब ची टेस्ट पॉझिटिव्ह निघाली. डॉक्टरांनी कागदावर अम्निओ आणि केरियोटाइप (बाळाभोवतीचं पाणी काढून क्रोमोसोम मोजणं), एनआयपीटी (आईच्या रक्तावरून डाऊनची चाळणी), एचबीव्ही डीएनए (कावीळ ब चा विषाणू मोजणं) असं सगळंच लिहून दिलं. दादांचं म्हणणं, सगळ्या डीएनएच्याच टेस्ट आहेत तर एकाच रक्तात, एकाच लॅबला का होत नाहीत, आणि पैशाची ओढाताण आहे तर कोणती करावी न कोणती सोडावी. वरून सासरची मंडळी म्हणायलेत की मामाच्या पोराला पोरगी दिली म्हणून हे असं झालं.

मी लॅबवाला माणूस आहे, क्रोमोसोम आणि पीसीआर (डीएनए वाढवून मोजायची पद्धत, व्हायरल लोड तीनंच होतो) दोन्हीकडं बरीच वर्षं काम करतोय, पेशंट बघत नाही, सॅम्पल बघतो. त्यामुळं औषधपाण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण टेस्टांचा क्रम कसा लावायचा ते मी सांगू शकतो, आणि तुमच्या केसमध्ये सगळा खेळ क्रमाचाच आहे.

सरळ उत्तर आधी देतो. याच आठवड्यात बहिणीची एचबीव्ही डीएनए, म्हणजे कावीळ ब चा व्हायरल लोड. त्याच दिवशी मोठ्या पोराचं केरियोटाइपसाठी रक्त. लोडचा रिपोर्ट हातात आला की मग एनआयपीटी का अम्निओ हे डॉक्टरांसोबत बसून ठरवा. उलट्या क्रमानं जाऊ नका, कारण अम्निओत पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढतात, साधारण १५-२० मिली, आणि आईच्या रक्तात विषाणू लई असेल तर त्या सुईसोबत तो बाळापर्यंत जायची शक्यता वाढते. लोड कमी असेल तर हा धोका फारसा वाढत नाही असं आतापर्यंत दिसलंय, पण आकडा कोटीच्या घरात असेल तर कुठलाही जाणता डॉक्टर सुई घालायच्या आधी दोनदा विचार करील आणि आधी दंडातल्या रक्तावर होणारी एनआयपीटी करून घ्या म्हणील. व्हायरल लोडचा रिपोर्ट दोन-चार दिवसात येतो, त्यामुळं वेळही जात नाही. आता होतं काय, बाईला काविळीसाठी पोटाच्या डॉक्टरकडं पाठवतात आणि मार्करसाठी सोनोग्राफीवाल्याकडं, दोन्ही कागद एका माणसाच्या टेबलावर एकत्र येतच नाहीत. ते काम तुम्ही करा, दोन्ही रिपोर्ट एकाच फाइलीत लावा आणि अम्निओ करणाऱ्या डॉक्टरला स्वतःहून सांगा की कावीळ ब पॉझिटिव्ह आहे. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर तेही सांगा, अम्निओनंतर अँटी-डी चं इंजेक्शन लागतं आणि गडबडीत ते राहून जातं.

आता एकाच रक्तात का होत नाही ते. काउंटरवर रोज कुणी ना कुणी म्हणतंच, “रक्त तर रक्तच हाय की, किती वेळा टोचता.” पण केरियोटाइपला आम्हाला जिवंत पेशी लागतात. पेशी जिवंत असायला पायजे, ती लॅबमध्ये वाढायला पायजे, विभागायला पायजे, तेव्हा कुठं क्रोमोसोम दिसतात. म्हणून ते रक्त हिरव्या झाकणाच्या हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये घेतात. व्हायरल लोडला पेशी जिवंत असल्या काय न मेल्या काय, फरक पडत नाही, तिथं प्लाझ्मातला विषाणूचा डीएनए मोजायचा असतो आणि ते रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीएच्या ट्यूबमध्ये जातं. गंमत अशी की हेपॅरिन पीसीआरलाच अडवतं, रिअ‍ॅक्शन चालतच नाही, म्हणजे हिरव्या ट्यूबमधलं रक्त पीसीआरला दिलं तर विषाणू असून मशीन दाखवणार नाही किंवा टेस्ट फेल जाईल, आणि जांभळ्या ट्यूबमधलं रक्त केरियोटाइपला दिलं तर पेशी नीट वाढत नाहीत. एनआयपीटीची तर तिसरीच ट्यूब असते, आईच्या पेशी फुटून तिचाच डीएनए त्यात मिसळू नये म्हणून आत खास द्रव घातलेली. तर तीन टेस्ट, तीन ट्यूबा, आणि रक्त घेणाऱ्या पोरानं कोणत्या झाकणात काय घेतलं हे तुम्ही उभं राहून बघा, त्यात काही लाजायचं कारण नाही.

सॅम्पलच्या प्रवासाचंही सांगतो कारण आपल्याकडं खरा घोळ तिथंच होतो. केरियोटाइपचं रक्त गोठवायचं नाही आणि तापवायचंही नाही. एका कलेक्शन सेंटरवरून एकदा आमच्याकडं हिरवी ट्यूब आली ती डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवलेली, लाल पेशी फुटून सगळं रक्त एकजीव झालेलं, आणि व्हायरल लोडची जांभळी ट्यूब मात्र पोराच्या शर्टाच्या खिशात, प्लाझ्मा वेगळा न करता. दोन्ही फेकून द्यावे लागले, बाई परत ७० किलोमीटर आली. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत एसटीच्या केबिनमध्ये इंजिनाशेजारी पार्सल ठेवून पाठवलेलं रक्त पण असंच, वरून चांगलं दिसतं पण कल्चरला लावलं की पेशी उठतच नाहीत. त्यामुळं रक्त सकाळीच द्या, सोमवार ते गुरुवार द्या, शनिवारी दिलेलं रक्त रविवारभर कुठं पडून राहील सांगता येत नाही, आणि ट्यूब भरल्यावर ती हळूच आठ-दहा वेळा उलटीपालटी केली का बघा, नाहीतर आत गुठळी होते आणि गुठळीतून आम्हाला काही काढता येत नाही.

१:१८० ला लोक लई घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की असा रिपोर्ट आलेल्या १८० बाया घेतल्या तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाऊन असेल आणि १७९ जणींच्या नसेल. साधारण १:२५० ही रेघ धरतात, तिच्या अलीकडं आलं की हाय रिस्क छापतात. हा निकाल नाही, पुढची टेस्ट करावी का यासाठीची चाळणी आहे. आणि त्या आकड्याच्या आत काय भरलंय तेही बघा. डबल मार्करचं सॉफ्टवेअर आईचं वय, वजन, सोनोग्राफीतली बाळाची लांबी, मानेमागच्या पाण्याची जाडी म्हणजे एनटी, आणि रक्तातली दोन द्रव्यं असं सगळं घालून हिशोब करतं, आणि त्यात ‘आधीच्या बाळाला डाऊन होता का’ असाही एक रकाना असतो. तो भरला असेल तर आकडा एक येतो, मोकळा सोडला असेल तर दुसराच. फॉर्म भरताना घाईत “पहिलं बाळ?” “हाव, आहे एक” एवढ्यावरच विषय संपतो. रिपोर्टच्या खाली ही माहिती छापलेली असते, ती वाचा, चुकलं असेल तर लॅबला फोन करून परत हिशोब करून मागा, त्याला नवीन रक्त लागत नाही.

एनआयपीटीबद्दल. गरोदरपणात वारेतल्या म्हणजे प्लासेंटाच्या पेशींचे डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात फिरत असतात, हे १९९७ मध्ये डेनिस लो यांनी दाखवलं आणि त्यावरच ही टेस्ट उभी आहे. दहाव्या आठवड्यानंतर करता येते, आईच्या रक्तात बाळाकडचा वाटा निदान ४ टक्क्यांच्या आसपास लागतो, वजन जास्त असलेल्या बाईत तो कमी भरतो आणि मग ‘रिपोर्ट देता आला नाही’ असं येतं. २१ नंबरच्या क्रोमोसोमसाठी टेस्ट जबरदस्त आहे, शंभरातल्या ९९ च्या वर केसेस पकडते. पण नीट वाचा, तुकडे वारेचे असतात, बाळाचे नाहीत. क्वचित वारेत गडबड असते आणि बाळ चांगलं असतं. म्हणून एनआयपीटी पॉझिटिव्ह आली म्हणजे निदान झालं असं नाही, तिच्यावर कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही, अम्निओनं पक्कं करायचंच.

हिशोब करून दाखवतो. समजा टेस्ट ९९ टक्के केसेस पकडते आणि चांगल्या हजार बाळांत एखादं चुकून पॉझिटिव्ह दाखवते. तुमच्या बहिणीसारख्या १:१८० वाल्या १८,००० बाया घ्या. त्यात १०० बाळांना डाऊन, त्यातली ९९ सापडली. उरलेल्या १७,९०० चांगल्यांतली अंदाजे १८ चुकून पॉझिटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या ११७ पैकी ९९ खऱ्या, साधारण ८५ टक्के. आता हीच टेस्ट जास्त रिस्क नसलेल्या, हजारात एक शक्यता असलेल्या तरुण बायांत करा, एक लाख धरा, १०० बाळांना डाऊन, ९९ सापडली, आणि चुकून पॉझिटिव्ह शंभरेक. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांतल्या निम्म्या बायांचं बाळ चांगलंच असतं! टेस्ट तीच, मशीन तेच, फक्त करणारी बाई कोण यावर रिपोर्टाचा अर्थ बदलतो. हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. निगेटिव्ह आली तर मात्र भरपूर निश्चिंत व्हायला हरकत नाही, १८,००० त एखादं सुटतं.

आता मोठ्या पोराच्या केरियोटाइपवर मी एवढा जोर का देतोय. डाऊन असलेल्या सुमारे ९५ टक्के मुलांत २१ नंबरचा क्रोमोसोम सुटा तिसरा असतो, एकूण ४७. तसं असेल तर आईबापाची तपासणी करायची गरज नाही, पुढच्या वेळी परत व्हायची शक्यता तरुण आईत शंभरात एकाच्या आसपास. पण तीन-चार टक्के मुलांत जादाचा २१ नंबर दुसऱ्या क्रोमोसोमला, बहुतेक वेळा १४ ला, चिकटलेला असतो. अशा मुलाचे क्रोमोसोम मोजले तर ४६ च भरतात. रिपोर्टवर ४६ बघून “नॉर्मल आहे की” म्हणत कागद घडी घालून ठेवलेले लोक मी बघितलेत, पुढं लिहिलेलं कुणी वाचलंच नाही. आणि ज्या आईकडून किंवा बापाकडून हे आलं त्याचे क्रोमोसोम असतात ४५, आणि तो माणूस धडधाकट असतो, शेती करतो, गाडी चालवतो, त्याला काही म्हणजे काही होत नाही, कारण माल पूर्ण आहे, फक्त दोन नग जोडलेत. आई अशी वाहक असेल तर पुढच्या बाळाला डाऊन असायची शक्यता १० ते १५ टक्के, बाप असेल तर बरीच कमी, एक-दोन टक्क्यांच्या आसपास. आणि दोन्ही २१ एकमेकालाच चिकटलेले असले तर जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळाला डाऊन. म्हणजे एका काही हजारांच्या टेस्टवर शंभरात एक का शंभरात पंधरा हे ठरतं, आणि फक्त या गरोदरपणाचंच नाही, तुमच्या बाकीच्या बहीणभावांचं पण, कारण चिकटलेला क्रोमोसोम घराण्यात खाली उतरतो. साडेचार वर्षांत ही टेस्ट झाली नाही याबद्दल कुणाला बोल लावत बसू नका, आता करा.

ही टेस्ट एवढी उशिरा का येते, असं विचारतातच, म्हणून आत काय होतं ते सांगतो. रक्ताचे थेंब कल्चरच्या बाटलीत घालायचे, त्यात पीएचए नावाचा पदार्थ, जो राजम्यापासून काढतात, तो पांढऱ्या पेशींना विभागायला लावतो. ३७ डिग्रीला ७२ तास. मग कोल्चिसीनच्या जातीचं औषध घालून पेशी विभागणीच्या मधोमध अडवायच्या, कारण क्रोमोसोम फक्त त्याच क्षणी जाड, सुटेसुटे दिसतात. मग पातळ मिठाच्या द्रावणानं पेशी फुगवायची, ही युक्ती हाती येईपर्यंत क्रोमोसोम एकमेकांवर चढलेले दिसायचे आणि १९५६ पर्यंत जगभर माणसाचे क्रोमोसोम ४८ च मानायचे, ४६ हे त्या वर्षी टिओ आणि लेवान या दोघांनी पक्कं केलं. मग मिथेनॉल-अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये धुवायचं आणि थेंब वरून काचपट्टीवर टाकायचा. इथं हवामानाचा संबंध येतो बघा, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं हवा इतकी कोरडी की थेंब पडल्या पडल्या वाळतो आणि क्रोमोसोम पसरायच्या आत गोळा होऊन बसतात, म्हणून उन्हाळ्यात आमची टेक्निशियन ताई कोमट पाण्याचा ट्रे शेजारी ठेवून त्याच्या वाफेवर पट्टी धरते, आणि भर पावसाळ्यात उलटं, पसरून पसरून एका पेशीचे दुसरीत जातात. मग ट्रिप्सिन, जिम्सा, पट्टे उमटवायचे, आणि साधारण २० पेशी एकेक करून मोजायच्या, जोड्या लावायच्या, एका माणसानं बघितलं की दुसऱ्यानं तपासायचं. सॉफ्टवेअर मदत करतं पण डोळे माणसाचेच लागतात. म्हणून दहा-पंधरा दिवस. अम्निओच्या पाण्यात तर पेशी थोड्याच असतात, त्या वाढायला आणखी वेळ, दोन-तीन आठवडे धरा. तेवढा वेळ नसेल तर त्याच पाण्यावर फिश किंवा क्यूएफ-पीसीआर करतात, दोन-तीन दिवसात १३, १८, २१ आणि लिंग-क्रोमोसोमांचा आकडा कळतो, मात्र चिकटलेलं आहे का सुटं आहे हे क्यूएफ-पीसीआर सांगत नाही, त्याला केरियोटाइपच.

मामाच्या पोराचं. डाऊनचा आणि नात्यातल्या लग्नाचा संबंध नाही, नाही म्हणजे नाही. सुटा तिसरा २१ येतो तो बहुतेक वेळा बीजांड तयार होताना क्रोमोसोम नीट वेगळे न झाल्यानं, आणि त्याची शक्यता वाढते आईच्या वयानं, पस्तिशीत साधारण ३५० त एक, चाळिशीत १०० त एक. नात्यातल्या लग्नानं वाढतात ते दुसरे आजार, जिथं आईबाप दोघंही एकाच बिघडलेल्या जीनचे वाहक असतात, थॅलेसेमिया, एसएमए (स्नायू कमजोर होत जाणारा आजार), काही बहिरेपणाचे प्रकार. आणि नेमके हे आजार केरियोटाइपमध्ये दिसत नाहीत. केरियोटाइप म्हणजे गावाचा नकाशा समजा, कुठली वस्ती जादा आहे, कुठला रस्ता तुटलाय ते दिसतं, पण कुणाच्या विहिरीला पाणी नाही हे नकाशात दिसत नसतं. म्हणून सासरच्यांना सांगा की पोराच्या डाऊनचा दोष नात्यावर टाकू नका, पण नातं आहे म्हणून बहिणीची एकदा एचबी एचपीएलसी करून घ्या, ही साधी जांभळ्या ट्यूबची स्वस्त टेस्ट आहे, थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्हीचे वाहक त्यात कळतात, आणि तिचं काही निघालं तरच दाजींची करा. दोघंही वाहक निघाले तर दर वेळी चारात एक शक्यता असते आणि मग अम्निओच्याच पाण्यावर त्याची पण तपासणी होते, म्हणून हेही अम्निओच्या आधी. किनवट-माहूरकडच्या लोकांनी तर सिकलसेलचं विसरूच नये.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण दुसरं कुणीतरी हळूच विचारतंच, की यातून मुलगा-मुलगी कळतं का. लॅबला कळतं, तुम्हाला सांगितलं जाणार नाही, सांगणं गुन्हा आहे, १९९४ च्या पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग निदान बंदीच्या कायद्याखाली अम्निओसुद्धा येते आणि एनआयपीटीसुद्धा. लॅब आणि सेंटर दोन्हींची त्या कायद्याखाली नोंदणी लागते, बहिणीला समजेल त्या भाषेत संमतीपत्र भरून घेतात आणि त्याची प्रत तिला मिळायला पायजे. जी लॅब आडून सुचवते तिच्या बाकीच्या रिपोर्टावर पण विश्वास ठेवू नका. आपल्या शेजारच्या बीडमध्ये २०११ च्या जनगणनेत हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, त्यामुळं आमच्याकडं हे कागद कडक असतात त्याचा राग मानू नका.

आता व्हायरल लोड. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू शरीरात आहे, किती आहे ते डीएनए सांगतं. रिपोर्ट आययू प्रति मिली मध्ये येतो, जुने काही रिपोर्ट कॉपीजमध्ये असतात, एक आययू म्हणजे अंदाजे पाच कॉपीज, त्यामुळं दोन रिपोर्ट शेजारी ठेवून “पाचपट वाढलं” असं म्हणायच्या आधी एकक बघा. ‘आढळले नाही’ आणि ‘१० पेक्षा कमी आढळले’ हे दोन वेगळे निकाल आहेत, दुसऱ्यात विषाणू आहे पण मोजण्याइतका नाही. आणि आज ४०,००० न पुढच्या महिन्यात ७०,००० आलं म्हणून झोप उडवू नका, पीसीआरमध्ये दुप्पट-अडीचपटीचा फरक मशीनच्या चढउतारातच मोडतो, तिपटीच्या वर गेलं तर विचार करा, आणि दर वेळी एकाच लॅबला करा. कोविडमध्ये लोक सीटी व्हॅल्यू एकमेकाला सांगत बसायचे तसं या आकड्याचं करू नका. अम्निओचं सोडलं तर हा आकडा तुमच्या डॉक्टरला मुख्य करून एका गोष्टीसाठी पायजे, २,००,००० आययूच्या वर असेल तर २८ व्या आठवड्यापासून टेनोफोवीर सुरू करतात म्हणजे बाळंतपणाच्या वेळी लोड खाली आलेला असतो. ही गोळी गरोदरपणात बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे. सोबत एचबीइएजी (विषाणू किती जोमात आहे त्याची खूण) आणि लिव्हरची एसजीपीटी पण करतात. गळ्यात काविळीची माळ घालून लोड उतरत नाही हे तुम्हाला सांगायची गरज नसावी, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना समजून सांगा.

पैशाचं म्हणाल तर इथं वाचवता येतं. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला, त्यात बी आणि सी दोन्हीच्या तपासण्या आणि औषधं फुकट आहेत. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा जिल्हा रुग्णालयात याची चौकशी करा, आधी करा, खाजगीत पैसे भरल्यावर नाही. वाचलेले पैसे पोराच्या केरियोटाइपला आणि एनआयपीटीला लावा. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं हिपॅटायटीस सी ची अँटीबॉडी पॉझिटिव्ह असेल तर त्यांनी पण घाबरायच्या आधी आरएनए पीसीआर करावी, अँटीबॉडी बरा झालेल्या माणसात पण आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, आरएनए असेल तरच उपचार, आणि तो बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांचा असतो. एचआयव्हीचं बाळात पण असंच आहे, आईची अँटीबॉडी बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत दिसू शकते, म्हणून तिथं बाळाची सहाव्या आठवड्याला पीसीआर करतात, ती पण सरकारी केंद्रात फुकट.

लॅब कशी निवडायची, तर एनएबीएलचा (लॅबच्या दर्जाच्या मान्यतेचा) शिक्का बघा आणि तो नेमक्या त्याच टेस्टसाठी आहे का ते बघा, साखर-थायरॉइडसाठी शिक्का असतो आणि पीसीआर दुसरीकडं पाठवतात. बाहेर पाठवण्यात वाईट काही नाही, केरियोटाइप आपल्याकडून बहुतेक पुणे-मुंबई-हैदराबादलाच जातात, पण कुठं जाणार आणि किती तासात पोचणार हे विचारा. पीसीआरच्या लॅबला वेगवेगळ्या खोल्या लागतात, कारण ३० फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटीच्या वर तुकडे होतात, त्यातला कणभर उडून शेजारच्या ट्यूबमध्ये गेला की निगेटिव्ह माणूस पॉझिटिव्ह होतो. एकाच खोलीत सगळं उरकणारी जागा दिसली तर सरळ उठून या.

तारखांचं गणित लावून ठेवा. आज चौदावा आठवडा. लोड आणि एचपीएलसी याच आठवड्यात. एनआयपीटी केली तर रिपोर्ट सोळाव्या आठवड्याच्या आसपास, तोवर पोराचं केरियोटाइप पण येतं. अम्निओ सोळाव्यानंतर, क्यूएफ-पीसीआर तीन दिवसात, पूर्ण केरियोटाइप एकोणीस-विसाव्यापर्यंत. मधे अठरा ते वीसमध्ये अनॉमली स्कॅन (बाळाचे अवयव बघायची सोनोग्राफी) करायचाच, एनआयपीटी चांगली आली तरी, कारण हृदयाचं भोक वगैरे डीएनएमध्ये दिसत नाही. गर्भपाताचा कायदा म्हणाल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर, २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांच्या मतावर, आणि त्यापुढं बाळात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाकडून. पुढं काय करायचं हा तुमच्या बहिणीचा आणि दाजींचा निर्णय, कोणी डाऊनचं दुसरं बाळ पण प्रेमानं वाढवतं, मी त्यात मत देणार नाही. फक्त रिपोर्ट उशिरा आला म्हणून निर्णय आपोआप होऊन बसला, असं होऊ देऊ नका.

राहिलं बाळंतपण. ते कुठं होणार हे आत्ताच ठरवा आणि त्या दवाखान्याला विचारा की कावीळ ब चं इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे एचबीआयजी मिळेल का. ते जन्मल्यापासून १२ तासात द्यावं लागतं, तालुक्याच्या मेडिकलवर ते पडून नसतं, फ्रीजमधली वस्तू आहे, रात्री दोन वाजता उदगीरहून लातूरला माणूस पळवायची वेळ येते, त्यापेक्षा आठव्या महिन्यातच मागवून ठेवा. लसीचा पहिला डोस २४ तासात, दुसऱ्या मांडीत. बाळपणी लागण झाली तर १० पैकी ९ बाळांत ती कायमची राहते, मोठ्या माणसात शंभरात पाचपेक्षा कमी, म्हणून ही धावपळ. अंगावर पाजायला हरकत नाही. दाजींची आणि मोठ्या पोराची एचबीएसएजी आत्ताच करून घ्या, निगेटिव्ह असतील तर लस. आणि बाळाची एचबीएसएजी आणि अँटीबॉडीची तपासणी ९ महिने पूर्ण झाल्यावरच, कुणी दीड महिन्यात हौसेनं करून आणली तर लसीचा आणि इंजेक्शनचाच परिणाम त्यात दिसतो आणि परत सगळं घर घाबरतं.